चॅटबॉटला प्रश्न विचारणं म्हणे पाप!

काठावरचा: 'चॅटबॉट वापरणारा ख्रिस्ती माणूस सृष्टीचा गुन्हेगार' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. डोकंच फिरलं. २०२४ मध्ये जगातली सगळी डेटा सेंटरं (इंटरनेट चालवणाऱ्या सर्व्हरची गोदामं) मिळून जगाच्या दीड टक्क्याच्या आसपास वीज खात होती. त्यात बँका, फोटो आणि तुमचे रात्रभरचे व्हिडिओसुद्धा आले. एआय त्यातला एक वाटा. देवाने पृथ्वी 'सत्तेखाली आणा' म्हटलंय, सर्व्हर बंद करा असं नाही.

जास्वंदी: ठोकून देणारी मीच. बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा दुसरा अध्याय वाचायचा कंटाळा आला का? २:१५ बघा: 'मशागत व राखण'. आणि दीड टक्का जगाचा हो! आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवरच्या विजेतला २१ टक्के वाटा डेटा सेंटरांचा होता. बऱ्याच ठिकाणी यंत्रं गार ठेवायला पाण्याची वाफ करून हवेत सोडतात, ती शेजारच्या विहिरीत परत येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये खुद्द व्हॅटिकनने 'अँटिक्वा एट नोव्हा' या एआयवरच्या दस्तऐवजात त्याच्या विजेचा आणि पाण्याचा मुद्दा काढला.

जुनी घंटा: व्हॅटिकन काढेल हो! आमच्या चर्चमध्ये उपदेशच चॅटबॉट लिहितो. आजीच्या अंत्यविधीला ऐकलं, 'त्यांच्या हास्याने घर उजळून निघायचं.' आजी आयुष्यात चारदा हसली असेल, त्यातली दोनदा शेजारीण घसरली म्हणून.

काठावरचा: आणि पूर्वी? तयार उपदेशांच्या पुस्तकातून वाचायचे. तेव्हा कुणाची आजी खडूस होती?

जुनी घंटा: आजीवर जाऊ नका. पुस्तक निदान माणसाने लिहिलेलं असायचं.

जास्वंदी: धागा पाण्याचा आहे, आजीचा नाही!!

जुनी घंटा: आजीचाच आहे. चार वाक्यं स्वतः लिहायला जमत नाही पाद्र्यांना, आणि त्यासाठी कुठेतरी कुणाचं पाणी उडतंय. तुमचाच मुद्दा सांगतोय बाई.

काठावरचा: बरं, उपदेशाचं मान्य. २१ टक्क्यांचंही मान्य, सरासरीआड लपलो होतो. पण 'पाप' शब्द मागे घ्या. आईला दिसत नाही, तिची पत्रं चॅटबॉटच वाचून दाखवतो.

जास्वंदी: आईसाठी वापरा की, कोण अडवतंय? पाप विहीर आटवणाऱ्याच्या माथी. 'गुन्हेगार' मात्र तसाच राहील.

काठावरचा: धन्य आहात. पापक्षमा इथेच मिळते का, पावतीसकट?