मदत हवी आहे : टूमस्टोनचा मार्शल मोठा की शेरीफ?

सप्रेम नमस्कार. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ॲरिझोनातील टूमस्टोन येथे झालेल्या गोळीबाराचा अभ्यास करताना अधिकारक्षेत्राच्या एका प्रश्नावर मी अडलो आहे. गावात उघडपणे किंवा लपवून शस्त्र बाळगण्यास नगरपालिकेच्या नवव्या अध्यादेशाने मनाई केली होती, आणि तिची अंमलबजावणी करणारा व्हर्जिल अर्प हा गावाचा मार्शल म्हणजे पोलीसप्रमुख तर होताच, शिवाय केंद्र सरकारचा डेप्युटी मार्शलही होता. मात्र कोचीस परगण्याचा शेरीफ (परगण्याचा मुख्य पोलीस अधिकारी) जॉनी बीहान स्वतः, अर्प बंधूंशी वैर असलेल्या क्लँटन-मॅकलॉरी या गुराखी मंडळींशी आधी बोलून आला आणि त्यांना निःशस्त्र करायला निघालेल्या अर्प बंधूंना त्याने वाटेतच अडवले. ते त्याला ओलांडून पुढे गेले आणि अवघ्या अर्ध्या मिनिटात क्लँटन-मॅकलॉरी मंडळींपैकी तिघांचा बळी गेला.

गावाच्या हद्दीत शेरीफचा शब्द मार्शलवर बंधनकारक होता का? न्यायाधीश स्पायसर यांनी आरोपी अर्प बंधू व हॉलिडे यांना मुक्त करताना, भाऊ वायट अर्प आणि त्याचा मित्र डॉक हॉलिडे यांची मदत घेतल्याबद्दल व्हर्जिलला दोष दिला, परंतु माझ्या मते खरे मूळ या दुहेरी सत्तेत आहे. शेरीफकडे करवसुलीही असे व तिच्यातला वाटा त्याला मिळे, त्यामुळे हे पद राजकीय चुरशीचे होते. तत्कालीन ॲरिझोना प्रदेशाच्या (तेव्हा ते राज्य नव्हते) कायद्यातील संबंधित कलमे कुठे वाचता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.