‘अंडरकव्हर’, मोह आणि मिंधेपणा : शब्द सुचवा

डिचोलीहून :

मराठीत एक गुन्हेगारी कादंबरी लिहितोय, निम्मी झाली आहे. नायक अमली पदार्थविरोधी पथकातला उपनिरीक्षक. नाव-गाव बदलून शिवोलीत भाड्याच्या खोलीत राहतो, हणजूणच्या बाजूला माल फिरवणाऱ्यांत ऊठबस वाढवतो आणि सात महिन्यांत त्यांच्या पैशाची सवय लागून घसरतो. अडलोय ते शब्दांवर.

‘अंडरकव्हर’ला काय म्हणू? ‘साध्या वेशातला पोलीस’ म्हणजे फक्त खाकी उतरवलेला. संध्याकाळी तो घरी जातो, बायको त्याला त्याच्याच नावाने हाक मारते. माझ्या माणसाचं नावसुद्धा उतरलंय. ‘गुप्तहेर’ म्हटलं की शत्रूच्या राज्यात शिरलेला कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. बातम्यांतलं ‘बनावट गिऱ्हाईक’ नेमकं आहे, पण ते एका व्यवहारापुरतं : माल दाखवला, इशारा झाला, छापा पडला, संपलं.

दुसरा शब्द मोहाचा. आधी ‘प्रलोभन’ लिहिलं होतं, पण त्याला आचारसंहितेच्या परिपत्रकाचा वास येतो. मग क्रियापदं लावून बघितली, तेव्हा थोडं उलगडलं. आमिष दुसरा कोणीतरी दाखवतो, लालूचही तशीच. हाव मात्र सुटते, मोह पडतो. तिथे समोर कुणी असावं लागत नाही. मांडवीच्या काठावर गरी टाकून बसलेल्याकडे आमिष असतं, हाव माशाची. ‘लोभ’ मुद्दाम टाळतोय. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहिणारी माझ्या आजीची पिढी त्यात माया वाचायची, आणि मलाही अजून तीच ऐकू येते.

पेडण्याहून :

भाऊ, ‘सोंग’ घ्या की. आमच्याकडे जत्रेत दशावतार उभा राहतो तेव्हा नट आपला रंग आपणच लावतो. लिहिलेली संहिता नसते; समोरचा काय बोलेल त्यावर ऐनवेळी आपलं वाक्य जुळवायचं. तुमचा उपनिरीक्षक तेच करतो. फक्त आमचा राजा पहाटे तोंड धुऊन चहाला येतो, तुमच्या माणसाला तोंड धुवायला जागा नाही. ‘सोंग घेतलेला पोलीस’ एवढं साधं म्हणा, वाचणाऱ्याला कळेल. ‘बहुरूपी’ मात्र नको. तो पोलिसाचं सोंग घेऊन दारात येतो आणि हा खोटा आहे हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तुमच्याकडे नेमकं उलट आहे.

आणि म्हण विसरू नका : सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. गिऱ्हाईक खोटं असलं तरी नोटा खऱ्याच न्याव्या लागणार, समोरचा मोजून घेणार. त्या नोटांची थप्पी हातात धरून तो एकटा बसलाय, असा प्रसंग लिहिलाय का?

म्हापशाहून :

त्या नोटांचे नंबर आधी पंचांसमोर पंचनाम्यात उतरवून ठेवतात, तेही त्या प्रसंगात येऊ द्या. मी वकिलांकडे कारकून होतो, अशा प्रकरणांचे पंचनामे पुष्कळ वाचले. झडतीआधी संशयिताला सांगावं लागतं, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी असेल तर तो तुझा हक्क आहे; अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्याचं ते कलम ५०. सापडलेला माल मोहोरबंद झाला की त्याला ‘मुद्देमाल’ म्हणायचं. कादंबरीत ‘पुरावा’ लिहू नका. पुरावा न्यायालयात शाबीत व्हायचा असतो. ठाण्यात असतो तो मुद्देमाल.

मोहाची जागा कुठे, ते सांगतो. नोटांच्या थप्पीपेक्षा ती वजनकाट्यावर जास्त आहे. चरस एक किलोच्या वर गेला की ते व्यापारी प्रमाण : किमान १० वर्षं, कमाल २०, आणि जामिनाची वाटही फार अरुंद. १०० ग्रॅमच्या वर आणि एक किलोपर्यंत असेल तर कमाल १० वर्षं, किमान काहीच नाही. म्हणजे ९९० ग्रॅम आणि १,०१० ग्रॅम यांच्यात माणसाचं आयुष्य बसतं, आणि तो आकडा कागदावर लिहिणारा हात पोलिसाचा. तुम्हाला शब्दच हवा असेल तर ‘वजन’ घ्या. काट्यावरचं वजन, वरच्या साहेबांकडे असलेलं वजन आणि फायलीवर ठेवायचं वजन. मराठीने तिन्ही अर्थ एका शब्दात कधीचे भरून ठेवलेत.

डिचोलीहून :

काका, वजनकाट्याचा प्रसंग तुमच्यामुळे मिळाला, त्या प्रकरणाचं नावही ‘वजन’ ठेवतोय. ‘सोंग’ तर घेतलंच.

मोहावर मात्र मी वेगळ्याच शब्दाशी येऊन थांबलो : ‘मिंधा’. माझ्या कथेत लाच फार उशिरा येते. त्याआधी मालवाला माझ्या उपनिरीक्षकाच्या खोलीचं दोन महिन्यांचं भाडं परस्पर भरून टाकतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. घरमालकीण पावती देते, हा ती चौघडी करून पाकिटात ठेवतो, फाडत नाही. तिथून पुढे त्या माणसाच्या डोळ्यांत बघताना याची मान किंचित खाली जाते. ‘उपकृत’ म्हटलं तर सत्काराचं भाषण होतं, ‘ऋणी’ म्हटलं तर आभारपत्र. मिंधेपणात लाज आहे, आणि ती बोलून दाखवता येत नाही. आई आम्हाला सांगायची, उपाशी राहा पण कुणाचे मिंधे होऊ नका.

वर्तमानपत्रं पोलीस आणि माफियांच्या ‘साटेलोट्या’बद्दल लिहितात. साटेलोटे म्हणजे मुळात मुलगी देऊन मुलगी करणं. दोन घरांत एकदा तसा व्यवहार झाला की एकाला मोडणं म्हणजे आपलंच लेकरू दुखावणं. माझा उपनिरीक्षक मिंधेपणातून साटेलोट्यात जातो तेव्हा त्याला ‘भ्रष्टाचारी’ हा शब्द एकदाही लावायची गरज पडली नाही.

आणखी एक. ‘अमली पदार्थ’मधला ‘अमली’ आणि ‘अंमलदार’मधला ‘अंमल’ एकच. मूळ अरबी ‘अमल’ म्हणजे कृती, काम. मराठीत त्याची सत्ता झाली आणि नशाही झाली. कुणाचा अंमल बसतो, तसाच भांगेचा अंमल चढतो. कोशात हे दोन्ही अर्थ शेजारी सापडले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसलो. कादंबरीचं नाव ‘अंमल’ नक्की केलंय.

लेखनाचा एक प्रश्न उरतो. निवेदनात ‘लाच’ लिहितो, पण पथकातला हवालदार घरी कोंकणी बोलणारा, तो ‘लांच’ म्हणतो, नाकातून स्पष्ट. मराठीतही जुन्या पुस्तकांत ‘लांच’च दिसतं, अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले. त्याच्या तोंडी मी अनुस्वार ठेवलाय आणि मुद्रितशोधकासाठी त्या पानाला चिठ्ठी लावलीय, तो काढू नका म्हणून.