रोज रामरक्षा म्हणते, तरी शेजाऱ्यांचा त्रास थांबत नाही. माझ्या श्रद्धेत काही कमी आहे का?

कांजूरची_सून:
नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही कांजूरमार्गला राहतो, सात मजली बिल्डिंग, मिस्टरांची नाईट असते. मे महिन्यात जनरल बॉडीत मी फक्त एवढंच विचारलं की दुरुस्तीवर जो खर्च दाखवलाय त्याची बिलं बघायला मिळतील का. बस्स. तेव्हापासून कमिटीतले आणि त्यांच्या जवळचे चार-पाच घरचे हात धुवून मागे लागलेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, दारातली रांगोळी रोज पायाने फिसकटलेली असते, दोनदा दुधाची पिशवी टाचणीने टोचून ठेवली होती, अख्ख्या पॅसेजमधे दूध. ते पण मी पुसलं, काही बोलले नाही.

पण मुलीचं सहन होत नाही हो. नऊ वर्षांची आहे. बाकीच्या मुलांना घरून सांगितलंय हिच्याशी खेळायचं नाही. संध्याकाळी सातला रॅकेट घेऊन खाली जाते आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून राहते, कोणीतरी बोलावेल म्हणून. परवा मी गॅलरीतून बघितलं, शटलकॉकची पिसं एकेक करून उपटत होती.

सासूबाईंनी लग्नात दिलेली रामरक्षा मी रोज तिन्हीसांजेला म्हणते. त्यात आहे ना, पाताळातले, जमिनीवरचे, आकाशातले आणि छद्मचारी, म्हणजे कपटाने वागणारे, हे रामनामाने रक्षण केलेल्याकडे नुसतं बघू पण शकत नाहीत. आणि मला तर रोज लिफ्टमधे बघून हसतात. मग माझंच कुठे चुकतंय का? आणि खरं सांगू, हल्ली म्हणताना मधेच मनात येतं की त्यांचं वाटोळं होऊदे. असं मनात आणून देवाकडे रक्षण मागायचा मला हक्क तरी आहे का? एका ओळखीच्या बाईंनी शत्रुबाधा निवारणाची पूजा सांगितलीय, अकरा हजार म्हणे. करावी का?

घाटकोपर_वेस्ट:
पूजा अजिबात नको. अकरा हजारात चांगला वकील पहिली नोटीस काढून देतो. सभासदाला सोसायटीचे हिशोब बघायचा हक्क आहे, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही दाखवले तर उपनिबंधकाकडे जा. देवाला यात कशाला आणायचं.

जुना_गिरणगावकर:
वरच्या भावाचं कागदाबाबत बरोबर आहे पण सूनबाईने विचारलंय वेगळंच, म्हणून लिहितो. माझा जन्म लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत, घरात माळ होती. ८२ च्या संपात एकाच माळ्यावर राहणारी माणसं एकमेकांची वैरी झालेली मी बघितलीत, त्यामुळे तुला काय होतंय ते मला कळतं पोरी.

तुकोबांचं बघ. रामेश्वर भट्टांनी त्यांना अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तेरा दिवस हा माणूस काठावर अन्नपाण्यावाचून पडून होता. वह्या वर आल्या ही गोष्ट सगळे सांगतात, त्यानंतर तुकोबा काय म्हणाले ते फार कमी जण सांगतात. ते देवालाच म्हणतात की मी मोठा अन्याय केला, तुझा अंत पाहिला, "जनाचिया बोलासाठी चित्त क्षोभविले". लोकांच्या बोलण्यासाठी मी चित्त ढवळून काढलं, याचं त्यांना वाईट वाटतंय. म्हणजे तुकोबांचं पण चित्त ढवळलंच होतं ना, मग तुझं ढवळलं तर श्रद्धा कमी कशी होईल? आणि तेच रामेश्वर भट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले, आपण जी "आरती तुकारामा" म्हणतो ती त्यांचीच, शेवटी "रामेश्वरे चरणी मस्तक ठेविले" येतं बघ. तुझे शेजारी असे बदलतील असं मी म्हणत नाही, काही माणसं मरेपर्यंत बदलत नाहीत. पण तू आत्ताच त्यांचं वाटोळं मागून मोकळी होऊ नकोस.

आणि रामरक्षा म्हणतेस ना, त्यातलं कवच जरा सावकाश म्हणून बघ. डोक्यापासून सुरू होतं आणि प्रत्येक अवयवाला पातु, पातु, म्हणजे सांभाळ, त्याला मार असं एकदाही नाही. पोटऱ्यांपाशी दशमुखान्तक, रावणाला संपवणारा, आणि लगेच खाली पावलांपाशी बिभीषणाला राज्य देणारा. वैऱ्याच्या सख्ख्या भावाला राज्य देणाऱ्या रामाच्या हवाली आपली पावलं केलीत ज्याने हे रचलं त्याने. मी साठी ओलांडल्यावर हे मला दिसलं, त्याआधी नुसतं घडाघडा म्हणायचो.

परळची_मावशी:
मी ख्रिस्ती आहे, आमच्यात स्तोत्रं वाचतात म्हणून बोलते, चालेल ना? तुम्ही विचारलंत की शाप मनात आला तर प्रार्थना करायचा हक्क आहे का. आमच्या बायबलातलं १०९ वं स्तोत्र काढून बघा, पुढे राजा झालेल्या दाविदाच्या नावावर आहे, त्यात वैऱ्याची मुलं पोरकी होवोत इथपर्यंत मागितलंय. लहानपणी मला ते वाचायची भीती वाटायची. आमच्या पाळकांनी एकदा समजावलं की बाई, हे देवासमोर ओतलंय, शेजाऱ्याच्या दारात नाही ओतलं. तोच दाविद, शौल राजा ३,००० माणसं घेऊन त्याच्या मागावर असताना एन-गेदीच्या गुहेत लपलेला, शौल एकटाच आत आला, दाविदाला मारायची संधी होती, आणि याने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला. नंतर तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खायला लागलं. म्हणून म्हणते, जे काही येतंय ते देवाला सांगा, रडा, ओरडा, त्याला सगळं ऐकायची सवय आहे. पण छोकरीसमोर त्या लोकांना नावं ठेवू नका, ती फार लवकर शिकेल.

आणि दुधाच्या पिशवीचे फोटो काढले का? नसतील तर यापुढे काढा, तारखेसकट. पोलीस स्टेशनला जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवा, कॉपी मागून घ्या. घरी एकट्या असताना कोणी दारावर आलं तर १०३ लावा, बायकांसाठीच आहे तो नंबर. देवावर भरवसा आहे म्हणून दाराला कडी न लावता झोपतो का आपण?

कांजूरची_सून:
काका, मावशी, वाचता वाचता डोळे भरले. कांदा चिरत होते म्हणून मुलीला सांगितलं. आत्ता दिवा लावून कवच सावकाश म्हटलं, पावलांपाशी आल्यावर थांबले. लिफ्टमधल्या त्या वहिनींचा चेहरा आलाच डोळ्यासमोर, शाप नाही आला, पण चांगलं पण काही नाही आलं. खोटं कशाला बोलू. पूजेचं त्या बाईंना नाही कळवलं.

घाटकोपरवाले दादा, तुमचा पण राग नाही, अर्ज आजच लिहिते. एनसीला उद्या जायचंय पण मी कधी पोलीस स्टेशनची पायरी चढले नाहीये, मिस्टर नाईटवरून येऊन झोपलेले असतात, आणि एकटीने आत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. इथे कांजूर, विक्रोळी साईडचं कोणी आहे का?

भांडुप_सोनापूर:
मी रोज वाचते, लिहीत कधी नाही. मी भांडुपला आहे, उद्या मला सुट्टी आहे. साडेदहाला कांजूर स्टेशनला वेस्टला तिकीट खिडकीपाशी उभी राहते, हिरवी छत्री असेल. आधारची झेरॉक्स आण, आणि फोटो काढले असशील तर तेही प्रिंट काढून आण. मुलीची शाळा दुपारची असेल तर तिलाही घेऊन ये, माझ्या लेकाकडे जास्तीचं शटलकॉक आहे.