मदत हवी आहे: व्हिनेगर सुरू केल्यापासून कोरल पांढरी पडताहेत

माझी ६० लिटरची रीफ टाकी (कोरल वाढवायची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी) आहे. नायट्रेट २५ पीपीएमखाली येईना, म्हणून पाच आठवड्यांपूर्वी पाण्यात व्हिनेगर घालायला सुरुवात केली (त्यावर वाढणारे जीवाणू नायट्रेट-फॉस्फेट वापरून टाकतात). रोज १ मिलीपासून वाढवत ४ मिलीपर्यंत गेलो. आता नायट्रेट जवळपास शून्य, फॉस्फेट तर टेस्ट किटवर दिसतच नाही. पण मॉन्टिपोरा या कोरलच्या कडा पांढऱ्या पडल्यात, ॲक्रोपोरा या दुसऱ्या कोरलची टोकं जळल्यासारखी झालीत आणि पंपावर पांढरट बुळबुळीत थर येतोय. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) ११ डीकेएच (तिचं एकक) आहे. पोषक द्रव्यं (नायट्रेट, फॉस्फेट) इतकी कमी असताना ती जास्तच, हे आत्ता लक्षात येतंय. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू आहे, मासे ठीक आहेत.

डोस एकदम बंद करू, की रोज अर्धा मिली कमी करत जाऊ? अल्कलिनिटी ८ वर किती दिवसांत आणावी? ॲक्रोपोरा तीन वर्षं जपलाय हो, तो वाचायला हवा.