गोधडी शिकायला 1800 रुपये? हे फुकटच शिकवायला हवं असं माझं मत आहे

दुपारचा_चहा (पुणे):
मंडळी, दोन दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे लिहितेय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गोधडी कार्यशाळेची जाहिरात आली. दोन रविवार, तीन-तीन तास, फी 1800, साहित्यासकट. साहित्य काय असं विचारलं तर दुकानातून आणलेल्या नव्या कॉटनचे कापलेले चौकोन, सुई, दोऱ्याचं रीळ आणि छोटी कात्री. सहा तासांत होणार काय तर बाळाच्या दुपट्याएवढी गोधडी.

आता गोधडी म्हणजे जुनं कापड ना हो? नवं कापड कापून तुकडे करायचे आणि परत जोडायचे, हौस म्हणून करा, माझी काही ना नाही, पण वर "आजीचा वारसा" लिहायचं हे मला अजिबात पटत नाही. माझी आजी उन्हाळ्यात जेवणं आटपली की माजघरात केरसुणी फिरवायची, नऊवारी लुगडं दुहेरी करून अंथरायची, तळहाताने मधून कडेकडे सुरकुती काढत न्यायची आणि चार कोपऱ्यांवर वजन म्हणून तांब्या, वरवंटा, खलबत्ता जे हाताला लागेल ते ठेवायची. मग आत धोतराचे, परकराचे, फाटक्या सदऱ्याचे तुकडे लावायचे आणि वरून दुसरं लुगडं. शेजारच्या दोघीतिघी सुई घेऊन आपणहून यायच्या, आपापल्या बाजूने कडेपासून धावदोरा घालत मधे सरकायच्या. आम्ही पोरी सुईत दोरा ओवून द्यायचो, तेच आमचं शिकणं. कोणी कोणाला पैसे दिले नाहीत, उद्या तिच्या घरची गोधडी निघाली की आजी तिकडे. एवढी साधी गोष्ट आपण फी लावून विकायला लागलो याचं मला खरंच वाईट वाटतं. काटकसरीची कला शिकायला 1800 रुपये घालवायचे हे उलटंच नाही का?

माणदेशी_वाकळ (सातारा):
ताई, तुमच्या आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला तुमचं म्हणणं मान्य नाही. आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात आणि माझी आई दहा-बारा वर्षं लोकांच्या वाकळा शिवून देतेय. सिंगल बेडची, पूर्ण हाताची, जवळ जवळ दोरे असलेली वाकळ म्हणजे रोज दुपारचे तीन तास धरले तर पंचवीस दिवस जातात. 75 तास झाले. तिला मिळतात 2500. भागाकार करून बघा, तासाला 33 रुपये पडतात आणि तरी गिऱ्हाईक म्हणतं मावशी 2000 करा की, कापड तर आमचंच आहे.

"कोणी पैसे घेतले नाहीत" हे बरोबर, पण घेतले नाहीत कारण बाईच्या कामाला पैसे असतात हेच कोणाला सुचलं नव्हतं. लोहाराला बलुतं मिळायचं, सुताराला मिळायचं. वाकळ शिवणारीला काय मिळायचं? आणि तुमच्या आजीकडे ज्या शेजारणी यायच्या त्यांच्या घरीही आजी जायची, म्हणजे परतफेड होती. आज सोसायटीतली बाई माझ्या आईकडून शिकून गेली तर ती माझ्या आईला परत काय देणार आहे? ती येणार आहे का वाकळीला चार दोरे घालायला? मग पैसेच द्यावे लागतील ना.

दुपारचा_चहा:
दादा, तुमच्या आईंनी वाकळीचे 2500 नाही, 5000 घ्यावेत, मी स्वतः देईन. पण वस्तूचे पैसे आणि शिकवण्याचे पैसे यात फरक आहे असं मला वाटतं. आईने मुलीला भाकरी थापायला शिकवलं त्याची फी असते का? ही तसली विद्या आहे. आणि फी लावली की कोण येणार, ज्यांच्याकडे आधीच चार रजया आहेत त्या. आमच्या वॉचमनची बायको थंडीत दोन मुलांना एकाच पांघरुणात घेऊन झोपते, तिला खरी गरज आहे, ती 1800 कुठून आणणार?

निवृत्त_शिवणबाई (कोल्हापूर):
मी 31 वर्षं शिवणक्लास चालवला म्हणून बोलते. ब्लाऊज शिकायला पोरी यायच्या, महिन्याची फी द्यायच्या, एकीनेही कधी म्हटलं नाही की बाई ही विद्या तुम्ही विकू नका. मशीनवर शिकवलं की क्लास आणि जमिनीवर बसून शिकवलं की माया, असं का? हातशिलाईला मी तर जास्त वेळ देते. दोरा एक हात-दीड हातापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. मेणावरून एकदा ओढून घ्यायचा. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरायचे आणि मग ओढायची, एकेक टाका ओढत बसलं तर दोन दिवसांत मनगट धरतं. मधल्या बोटाला टोपी घातल्याशिवाय जाड थरातून सुई ढकलायला गेलात तर सुई उलटी बोटात. या गोष्टी पाहून येत नाहीत, कोणीतरी शेजारी बसून हात धरावा लागतो. त्याचे पैसे घेण्यात मला तर काही गैर दिसत नाही.

मात्र नव्या कापडाच्या चौकोनांबद्दल दुपारचा चहा यांच्याशी शंभर टक्के सहमत. गोधडीची ऊब नुसत्या जाडीत नाही हो, वीस-वीस वर्षं धुतलेल्या सुतात आहे. नव्या कापडाला ती यायला वेळ लागतो, आणि न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात आटून चुण्या पडतात त्या वेगळ्याच. निदान कापड आधी धुवून घ्या म्हणून तरी सांगतात का त्या कार्यशाळेवाल्या?

सुती_माणूस (डोंबिवली):
मला वाटतं फी हा मुद्दाच दुय्यम आहे, मूळ अडचण कोणी बोलत नाहीये. जुनं सुती कापड आहे कुठे आता? माझे वडील लालबागला गिरणीत होते, घरी गाठोडंभर चिंध्या यायच्या आणि आईच्या सगळ्या गोधड्या त्यावर झाल्या. 1982 चा संप झाला आणि आमचं ते गाठोडं बंद झालं. आज माझ्या बायकोचं कपाट उघडलं तर दहातल्या सात साड्या पॉलिस्टर. मागच्या वर्षी मी हौसेने लॉकडाऊनपासून पडलेल्या सगळ्या सिंथेटिक साड्या काढल्या, चार थर घातले, अक्षरशः महिनाभर शिवली. थर एकमेकांवरून सरकतात, टाका धरत नाही, आणि शेवटी अंगावर घेतली तर खाली घाम आणि वर गार, कारण पॉलिस्टर ओल शोषतच नाही. ती गोधडी आता गाडीवर झाकायला वापरतो. त्यामुळे "घरातल्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवा आणि पैसे वाचवा" हे जे सगळे सांगतात ना त्यांनी आधी लोकांना कापड ओळखायला शिकवावं. काठाचा एक दोरा काढून पेटवायचा, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. (लहान मुलं लांब ठेवा आणि चिमट्यात धरूनच करा.) हे दोन मिनिटांचं ज्ञान आहे, याला फी नको.

बंगळुरातून_मराठी:
इथे मी दुपारचा चहा यांच्या बाजूने. फुकट शिकवणं चालत नाही असं नाही. 2009 मध्ये ॲमस्टरडॅमला रिपेअर कॅफे सुरू झालं, म्हणजे लोकांनी बिघडलेली वस्तू घेऊन यायची, जाणकार स्वयंसेवक शेजारी बसून ती दुरुस्त करायला मदत करतात, ठरलेली फी नाही, ज्याला वाटेल त्याने डब्यात काही टाकावं. बंगळुरातही 2015 पासून असे मेळावे होतात, मी तीनदा गेलोय. मिक्सर, इस्त्री, बॅगेची चेन, रफू, सगळं. एका आजोबांनी मला टेबल फॅनचा कपॅसिटर बदलायला शिकवला. मी म्हटलं काका काही द्यायचं का, तर म्हणाले पुढच्या वेळी तू दुसऱ्याला शिकव. आणि मी खरंच शिकवला, दोघांना. पैसे आले असते तर मी गिऱ्हाईक झालो असतो, आणि गिऱ्हाईक पुढे शिकवत नाही.

माणदेशी_वाकळ:
दादा, ते आजोबा पेन्शनवाले असणार. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने फुकट शिकवावं, जरूर शिकवावं, मी पाया पडेन. पण माझ्या आईने रविवारी सहा तास शिकवलं तर तिची सहा तासांची वाकळ मागे पडते. तुम्ही ॲमस्टरडॅमचं सांगता, मी आपलं जवळचं सांगतो. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला. तिथे पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती हातांनी करत करत शिकतात. म्हणजे हाताचं काम हे शिक्षण आहे, त्याला शिकवणारा लागतो, हे मानलं गेलं. वाकळीलाच तेवढं आपण "सहज येतं" म्हणून खाली का बसवायचं?

आणि बंगालच्या कांथाचं बघा. जुन्या साड्या-धोतरांचे थर, दोरासुद्धा साडीच्या काठातून उसवून काढलेला, आपल्या वाकळीचीच बहीण. आज सिल्कवर कांथा काम केलेली साडी दुकानात हजारोंनी जाते. वाकळीला तसा भाव आला तर मला आनंदच आहे, फक्त तो शिवणारीच्या हातात पडला पाहिजे.

दुपारचा_चहा:
तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे मी काल चौकशी केली. ज्या मावशी शिकवायला येणार आहेत त्या धायरीच्या पुढे राहतात, त्यांचा नंबर मिळवून फोन केला. दोन्ही रविवारचे मिळून त्यांना 2000 रुपये ठरलेत. जागा सोसायटीचाच हॉल, भाडं शून्य. बारा जणींची नोंदणी झालीय, म्हणजे जमा झाले 21,600. त्या साहित्याचे प्रत्येकी 350 धरले तरी 4200. मग मावशींचे 2000 जाऊन उरलेले 15,400 आयोजकांकडे. मावशींना फी किती आहे हेही माहीत नव्हतं. मी हा 15,400 चा आकडा सांगितला तर पलीकडे जरा वेळ काही आवाजच नाही, मग म्हणाल्या, "बाई, तेवढ्याला तर माझ्या सहा वाकळा होतात."

मला रात्री झोप लागली नाही. मी फुकटचा आग्रह धरत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजी होती, या मावशी नव्हत्या. त्यांना पैसे मिळायलाच हवेत, फुकटचा आग्रह मी मागे घेते. पण फी 1800 नको हे मागे घेत नाही. आपापलं जुनं सुती कापड घेऊन यायचं, सुई-दोरा 50-60 रुपयांत येतो, बारा जणींनी 300 दिले तरी 3600 होतात आणि ते सगळे मावशींचे. वॉचमनच्या बायकोसारख्या दोघीतिघी बिनपैशांच्या बसतील.

निवृत्त_शिवणबाई:
हे चांगलं आहे, पण आयोजकांचीही बाजू ऐका. नोंदणी, फोन, ऐनवेळी न येणाऱ्या बायका, हे सांभाळायला माणूस लागतो, मी केलंय. त्याचे थोडे धरा. 15,400 मात्र नाहीत, तो हिशोब मला कुठूनही बसत नाही.

आणि बारा जणी एका शिकवणारीला जास्त होतात, हात धरून शिकवायचं तर आठच घ्या. बारा दुपट्यांपेक्षा सगळ्यांनी मिळून एक मोठी गोधडी घ्या, चारही कडांना दोन-दोन जणी. कडेपासून आत कसं यायचं, मधे हवा अडकून फुगवटा कसा येऊ द्यायचा नाही, हे मोठ्या गोधडीवरच कळतं.

सुती_माणूस:
त्या मोठ्या गोधडीसाठी माझ्या आईची दोन लुगडी कुरियर करतो. एकाला मधे फाटलंय, काठ चांगला आहे. कपाटात ठेवून तरी काय करतोय मी.

माणदेशी_वाकळ:
ताई, मन मोठं केलंत, बरं वाटलं. एकच सांगणं, 300 चा आकडा तुम्ही ठरवू नका. मावशींना विचारा की दोन रविवारचे तुम्ही किती घेणार. आमच्या आईला आजवर कोणी हा प्रश्न विचारलेला नाही, सगळे आकडा सांगूनच येतात.

दुपारचा_चहा:
विचारलं. आधी "तुम्ही द्याल ते" म्हणाल्या. मी फोन धरून बसले, तुम्हीच सांगा म्हटलं. मग हळूच 5000 म्हणाल्या आणि लगेच "जास्त होतंय का?" नाही म्हटलं. आठ जणी देणाऱ्या धरल्या तर 625 प्रत्येकी, त्यात वॉचमनची बायको आणि तिची जाऊ बिनपैशांच्या, म्हणजे दहा. शिवणबाई, आठच्या वर दोन गेल्या, पण कोणाला नको म्हणू? मावशींनी अट घातलीय की कापड त्या आधी बघणार, टेरिकॉटचा एक तुकडा जरी निघाला तरी बाजूला. आयोजकांना मी हा सगळा हिशोब ग्रुपवर नाही, घरी जाऊन सांगितला. त्या नाराज आहेत, त्यांची 1800 ची कार्यशाळा त्या दुसऱ्या कोणाला तरी घेऊन करणार म्हणाल्या. करू देत.

दोऱ्याचं मात्र अडलंय. मावशी म्हणतात पांढरा जाड सुती दोरा हवा, आमच्या इथल्या दुकानात सगळी रिळं पॉलिस्टरचीच. पुण्यात सुती कुठे मिळेल, तुळशीबागेत की रविवार पेठेत? कोणी अलीकडे आणला असेल तर सांगा, या शनिवारी जाणार आहे.