"आबा येतो नको" म्हणून रडणाऱ्या पावणेतीन वर्षांच्या मुलीला नेमके काय सांगायचे असावे?

प्रश्न: पेठेतली_सून

माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. ती भरपूर बोलते आणि तिचे शब्दही घरात सगळ्यांना कळतात. मात्र गेल्या महिनाभरात तिची तीन वाक्ये अशी आहेत की शब्द कळूनही अर्थ लागत नाही. त्यातल्या एका वाक्याने घरातले वडीलधारे माणूस मनातून दुखावले गेले आहे, म्हणून येथे विचारत आहे.

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. माझे सासरे रोज संध्याकाळी किटली घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातात, डोळ्यांसमोर धार काढलेले पेलाभर दूध पितात, जुन्या सोबत्यांशी बोलतात आणि घरचे दूध घेऊन तासाभराने परततात. ते पायात चपला सरकवू लागले की मुलगी धावत दारात येते, त्यांच्या विजारीला घट्ट धरते आणि "आबा येतो नको, आबा येतो नको" असे म्हणत रडू लागते. पहिल्या दिवशी सगळे हसले. सासऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ "आबा, परत येऊ नका" असा घेतला. परवा जेवताना ते एवढेच म्हणाले, "पोरीला मी नकोसा झालोय", आणि ताटावरून लवकर उठले.

दुसरे वाक्य ती रात्री अंथरुणावर म्हणते: "मी मोठी होतो, तवा तुला कडेवर घेत होतो." सासूबाईंची पक्की समजूत झाली आहे की त्यांच्या दिवंगत सासूबाईच परत आल्या आहेत. त्यांचा पुरावा असा, की माझे माहेर पुण्याचे असल्यामुळे मी "होते" म्हणते, मुलगी मात्र "होतो" म्हणते, आणि त्या थोरल्या आजीही तसेच म्हणत असत.

तिसरी गोष्ट किरकोळ आहे. ती रंकाळ्याला "लंकाला" म्हणते. मी लाडाने "लंकाल्याला जायचं का?" असे विचारले, तर ती चिडून म्हणाली, "लंकाला नाही, लंकाला!" दोन्ही शब्द मला अगदी एकसारखेच ऐकू आले. यामागे काही दोष असेल का?

उत्तर: बालवाडीच्या_बाई

मी सव्वीस वर्षे बालवाडी चालवली. त्या अनुभवावरून सांगते की मुलाचे वाक्य कळत नसेल, तर ते वाक्य त्याने कोणाच्या तोंडून आणि कोणत्या प्रसंगी ऐकले असेल, हे आधी शोधावे. आपले सासरे घरातून निघताना काय म्हणतात? "जातो" खचितच म्हणत नसतील. आपल्याकडे निघताना "जातो" म्हणणे अशुभ मानतात, म्हणून प्रत्येक जण "येतो" म्हणूनच उंबरा ओलांडतो. तुम्हाआम्हाला त्यातला संकेत ठाऊक असतो. त्या लेकराला एवढेच दिसते, की कोणी "येतो" म्हणाले की ते माणूस दिसेनासे होते. मग तिच्या लेखी "येतो" म्हणजे निघून जाणे, आणि "आबा येतो नको" म्हणजे "आबा, तुम्ही जाऊ नका". तिने शब्द चुकीचा शिकलेला नाही. आपण तो जसा वापरतो तसाच तिने उचलला आहे. आबांना हे आजच सांगावे. उद्यावर ठेवू नये.

याच जातीचे दुसरे उदाहरण प्रत्येक घरात सापडते. मूल हात वर करून "तुला घेऊ, तुला घेऊ" म्हणते आणि त्याला स्वतःलाच उचलून घ्यायचे असते. कारण आई दर वेळी "तुला घेऊ का?" असे विचारते आणि त्यानंतर मूल कडेवर येते. "मी" आणि "तू" हे शब्द बोलणाऱ्यागणिक माणूस बदलतात, हे उमजायला वेळ लागतो.

उत्तर: वाचा_उपचार_कोल्हापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी मुलांच्या वाचा-उपचाराच्या क्षेत्रात काम करत असल्याने तिसऱ्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

"लंकाला"मध्ये या वयात दोष नाही. र, ळ, ष यांसारख्या ध्वनींसाठी जिभेचे टोक नेमक्या जागी न्यावे किंवा वळवावे लागते, त्यामुळे ते उशिरा जमतात. प, ब, म हे ओठांचे ध्वनी आधी येतात. परंतु ऐकण्याची क्षमता बोलण्याच्या पुढे धावत असते. आपल्या मुलीच्या कानात "रंकाळा" हा शब्द शुद्धच साठलेला आहे, तोंडातून मात्र तो "लंकाला" होऊन बाहेर पडतो, आणि आपण तिचाच उच्चार तिला परत केल्यावर तो चुकीचा असल्याचे तिला लगेच कळते. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० मध्ये अगदी असाच प्रसंग नोंदवला होता. एक मुलगा आपल्या प्लास्टिकच्या माशाला "फिश"ऐवजी "फिस" म्हणत असे, पण मोठ्या माणसाने "फिस" म्हटले की तो ते नाकारत असे आणि "फिश" म्हटले की मान्य करत असे. म्हणून तिचे बोबडे बोल तिला परत करू नयेत. आपण सरळ "रंकाळा" म्हणावे, तिला दुरुस्त करायला बसू नये.

याच बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून, कधीही न ऐकलेल्या त्याच्या नावाचे अनेकवचन करायला सांगितले होते, आणि मुलांनी ते नियमाने केले. आपली मुले "केलं"ऐवजी "करलं" म्हणतात, तेव्हा तेच घडत असते. "करलं" घरात कोणीही म्हणत नाही. "बसलं", "धरलं", "भरलं" यांवरून मुलाने तो नियम स्वतः काढलेला असतो.

काळजी कधी करावी, तेही सांगतो. दोन वर्षांच्या मुलाचे निम्मे बोलणे परक्या माणसाला कळले तरी पुरे आणि चार वर्षांपर्यंत जवळजवळ सगळे कळायला हवे. दोन वर्षे उलटूनही दोन शब्द जोडता येत नसतील, येत असलेले शब्द गळू लागले असतील किंवा मागून हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर आधी कान तपासावेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि तीत ऐकणे व बोलणे हेही पाहिले जाते. आपण वर्णन केलेल्या मुलीत यातले काहीही दिसत नाही.

उत्तर: नववी_गल्ली

पुनर्जन्माच्या पुराव्याबद्दल एक नम्र शंका. "मी आलो", "मी होतो" असे कोल्हापुरातल्या निम्म्याअधिक बायका बोलतात. माझी आई, आत्या, समोरच्या वहिनी, सगळ्या. त्या हिशेबाने थोरल्या आजी एकाच वेळी पुष्कळ घरांत परतलेल्या दिसतात! आपली मुलगी दिवसभर आजीजवळ असेल, तर ती आजीचेच क्रियापद वापरणार. आमच्याकडे उलटे झाले. मुलगा सतत आईजवळ असे आणि पत्नी नाशिकची, त्यामुळे तो तीन वर्षांचा होईपर्यंत ऐटीत "मी जेवले" म्हणत असे.

"मोठी होतो" याचा उलगडा मला असा वाटतो. "तू लहान होतीस तेव्हा मी तुला कडेवर घेत होते" आणि "तू मोठी झालीस की असे करशील" ही दोन वाक्ये मुले रोज ऐकतात. मागचे आणि पुढचे यांतला फरक त्यांना अजून पक्का झालेला नसतो. तो आपल्या भाषेत तरी कुठे पक्का आहे? "परवा" म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मोठे असणे आणि लहान असणे ही आलटूनपालटून येणारी पाळी आहे, असे तिला वाटत असावे. ती आपली पाळी सांगते आहे. तरीही सासूबाईंशी यावरून वाद घालू नये, असे माझे मत आहे. त्यांना त्या वाक्यातून त्यांचे माणूस भेटते आहे आणि मुलीचे त्यात काही बिघडत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: पेठेतली_सून

सर्वांचे मनापासून आभार. बाईंचे उत्तर मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग नातीला जवळ घेऊन म्हणाले, "म्हणजे मी जाऊ नये म्हणून रडत होतीस व्हय?"

त्यांनी "जातो" म्हणावे अशी सूचना मी केली, तेव्हा सासूबाईंनी ती तत्काळ फेटाळली. शेवटी "जाऊन येतो" यावर तडजोड झाली, आणि जाण्यापूर्वी रिकामी किटली नातीने आबांच्या हातात द्यायची असे ठरले. पहिले दोन दिवस रडणे झालेच. तिसऱ्या दिवशी तिने किटली दिली, दारातच बसून राहिली आणि सासरे परतल्यावर भरलेल्या किटलीच्या झाकणावर हात ठेवून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे जाहीर केले, "आबाचं येतो संपलं!"

सासरे खूश आहेत. घरात "संपलं" म्हणू नये, "वाढलं" म्हणावे असा सासूबाईंचा दंडक असल्यामुळे, हा शब्द तिला कोणी शिकवला याची चौकशी सध्या सुरू आहे आणि संशय माझ्यावर आहे.