विषय: कोल्हापुरात झाकून बाळगायला परवडणारं छोटं रिव्हॉल्व्हर – कुठलं घ्यावं?

मंडळी, नमस्कार.

थोरल्या बंधूंचा (अण्णांचा) शस्त्र परवाना मंजूर झालाय. गांधीनगर पेठेत कापडाचा ठोक व्यवहार, रात्री रोकड घेऊन मोपेडवरून घरी. वय ५८, हात मध्यम, उजव्या अंगठ्याला संधिवाताची सुरुवात. बजेट दीड लाख, त्यातच सगळं बसायला हवं. इथे अमेरिकेत मिळणारं ३८ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप, ३८ म्हणजे ०.३८ इंच) एखादं स्वस्त रिव्हॉल्व्हर पाठवता येईल का, असंही ते विचारतायत. गावाकडच्या जाणकारांनी जरा सांगावं.

– न्यू जर्सीहून

---

अण्णांना पहिल्यांदा सांगा, तिकडून काही पाठवायच्या भानगडीत पडू नका. कुरिअरने हत्यार येत नाही. परदेशातून कायमचं परत येणाऱ्याला स्वतःचं हत्यार आणायची वाट आहे, पण ते तिथे किमान वर्षभर वापरात असायला लागतं, इथला परवाना लागतो आणि पुढे विकायलाही बंदी. वर बोअरचा घोळ आहेच. ४५५ आणि ३८० रिम (बुडाला बाहेर आलेली कड) असलेली, तसंच लष्करी ९ मिमी आणि ४५ रिमलेस काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर आपल्याकडे प्रतिबंधित. ३८ घेऊन उतरलात तर कस्टमच्या टेबलावर बोअर समजावून सांगत बसावं लागेल. सर्वसाधारण परवान्यावर आपलं बत्तीस, नाहीतर बावीस.

बत्तीसमध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याची तीन नावं दुकानात ऐकू येतात. जुनं साधं बत्तीस: जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धाटणीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. दुसरं ‘निर्भीक’, २०१४ साली आलं. चाल तीच, पण हलक्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅम. तिसरं ‘प्रबळ’, ऑगस्ट २०२३ मधलं. ७६ मिमी नळी, एकूण लांबी १७७.६ मिमी, बिनगोळीचं वजन ६७५ ग्रॅम आणि सिलिंडर बाजूला उघडणारा. ‘निडर’ म्हणून बावीसचंही एक आहे, २५० ग्रॅम, आठ गोळ्या. त्याबद्दल ताई लिहितीलच.

आता ‘परवडणारं’ या शब्दाचा हिशेब. दुकानदार सांगतो ती किंमत करासह की कराविना, हे आधी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. लाखाच्या मूळ किमतीवर पूर्वी २८ हजार पडायचे, आता ४०. त्याआधी कुणी घेतलेल्या हत्याराची पावती बघून बजेट ठरवलं तर काउंटरवर तोंड पडतं. मूळ किंमत लाखाच्या आत असेल तरच दीड लाखात होल्स्टर, पट्टा आणि सरावाची काडतुसं बसतात. सराव वगळून बजेट बसवू नका.

‘इंपोर्टेड’ जुनं घ्या असं कुणीतरी सांगणारच. आयातीवर बंदी असल्यामुळे तसल्या जुन्या हत्यारांना नवीन मोटारसायकलींइतके, कधी चारचाकीइतके पैसे मागतात. स्प्रिंग तुटली तर भाग मिळत नाही. मिरवायला ठीक, कंबरेला नको.

माझा कल प्रबळकडे. कारण वजन नव्हे, उघडण्याची पद्धत. मधून मोडणाऱ्या चालीत बिजागरी आणि वरची खिट्टी या दोन ठिकाणी झीज होते. झीज झाली की काडतुसाचा तळ आणि चौकट यांच्यातली फट वाढते, टोचणी (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई) नीट बसत नाही आणि ‘टिक’ आवाज होऊन गोळी जागच्या जागी. बाजूला उघडणाऱ्यात चौकट अखंड असते. पण हेही खरं, की चांगलं जुळलेलं निर्भीक हे ढिल्या प्रबळपेक्षा कधीही बरं. नाव बघून नको, नग बघून घ्या.

नग बघायचा कसा, ते जरा सविस्तर लिहितो. उद्यमनगरात कुठल्याही कारखान्यात मिळणारं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात घालून जा. दुकानदार हसेल, हसू दे.

आधी उघडून सहाही कप्पे डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. मोडणारं असेल तर बंद करून एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून वरखाली आणि आडवं हलवा. हाताला ‘टक’ जाणवलं की नग परत. मग सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट: ०.१० ते ०.२० मिमी ठीक. सहाही कप्प्यांपुढे मोजा. पाच ठिकाणी ०.१५ आणि एका ठिकाणी ०.३० आली तर सिलिंडरचं तोंड तिरकं आहे. फट जास्त असेल तर शिशाचे कण आणि गरम वायू बाजूने उडतात. फारच कमी असेल तर पंधरावीस गोळ्यांनंतर काजळी धरून सिलिंडर अडकतो.

त्यानंतर टायमिंग. बोटाने सिलिंडरला हलका अडथळा करत चाप अगदी सावकाश ओढा. घोडा पडायच्या आधी खालची कडी खाचेत ‘कट्’ करून बसलीच पाहिजे. सहाही वेळा. एखाद्या कप्प्याला घोडा आधी आणि कडी नंतर, असं झालं तर गोळी नळीच्या मध्यात न जाता काठाला घासून जाते. चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर किंचित हलला तर चालतं, खुळखुळला तर नाही. मग घोडा चढवून अंगठ्याने मागून पुढे ढकला. सुटला तर त्या नगाला हातही लावू नका.

घोड्याखाली ट्रान्सफर बार किंवा अडथळ्याची पट्टी (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार टोचणीपर्यंत पोहोचू न देणारी सोय) आहे का, हे दुकानदाराला दाखवायलाच लावा. नुसतं तोंडी ‘आहे’ नको. खात्री पटली नाही तर पाचच भरायच्या आणि घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवायचा.

काडतुसांबद्दल एकच, पण महत्त्वाचं. ‘बत्तीसच्या द्या’ एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं ते बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग, ७.६५ × २३. पिस्तुलाचं बत्तीस एसीपी, ७.६५ × १७. आखूड पिस्तुलाची गोळी काही रिव्हॉल्व्हरांत आरामात बसते, आणि तिथंच घात. तिचा दाब २०,५०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पौंड), रिव्हॉल्व्हरच्या लाँगचा १५,०००. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या डब्यावरचं नाव वाचा, पुंगळीच्या बुडावरचा ‘केएफ’ शिक्का बघा, लांबी मोजा. दुकानातला पोऱ्या चुकतो, डबा चुकत नाही.

– उद्यमनगरहून

---

काकांनी लिहिलंय त्याला इकडची बाजू जोडतो, कारण या टपालयादीतल्या निम्म्या लोकांना हा प्रश्न टेक्सास-ओहायोचा वाटेल.

इथे स्वस्त आणि छोटं म्हटलं की टॉरस ८५६ येतं. सहा गोळ्या, दोन इंची नळी, पोलादी चौकट, सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. त्याहून हलकं स्मिथ अँड वेसन ६४२: पाच गोळ्या, अॅल्युमिनियमची चौकट, जेमतेम ४०० ग्रॅम, घोडा आत झाकलेला. रुगर एलसीआर त्याहूनही हलकं. दुकानात हातात घेतल्यावर सगळ्यांना हलकंच आवडतं. मग ३८ स्पेशलची जोरकस गोळी ४०० ग्रॅममधून दहा वेळा उडवली की तळहात सुजतो, आणि हत्यार कपाटात जातं.

हलक्या हत्याराची आणखी एक खोड आहे. झटक्यामुळे न उडालेल्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि नळीला अडून सिलिंडर फिरेनासा होतो. तपासायला सोपं: सहापैकी पाच उडवायच्या, सहावीची लांबी कॅलिपरने आधी आणि नंतर मोजायची. वाढली तर ती काडतुसं त्या हत्यारात नकोत.

अण्णांच्या दृष्टीने चांगली बातमी ही, की बत्तीस लाँगचा झटका सौम्य. ९८ ग्रेनची (साधारण सव्वासहा ग्रॅम) शिशाची गोळी, सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतबाहेर. त्यामुळे ५०० ग्रॅमचं निर्भीक हाताला ४०० ग्रॅमच्या ३८ एवढं लागणार नाही. इकडची मोजपट्टी तिकडे लावू नका.

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याविनाही बाळगता येतं. हे वाचून कोल्हापुरात कुणी गैरसमज करून घेऊ नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

– ह्यूस्टनहून

---

बावीसचं ‘निडर’ मोहात पाडतं, कारण २५० ग्रॅम म्हणजे पाव किलो गूळ. पण बावीसच्या काडतुसात मसाला रिमच्या कडेत पसरलेला असतो. कडेच्या ज्या भागात तो नीट पसरला नाही तिथंच टोचणी बसली तर गोळी उडत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढची येते, हे खरं. तरी स्वसंरक्षणाला मी बत्तीसच म्हणेन. शिवाय बावीसचा घोडा रिकाम्या कप्प्यावर पाडायचा नाही. टोचणी कप्प्याच्या काठावर आदळून काठ चेपतो आणि मग काडतूस आत जाताना अडतं. बत्तीसलाही नकली काडतुसं घालूनच कोरडा सराव करावा.

अंगठ्याच्या दुखण्याचं मात्र कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात नेमबाजी कुणाला समजावून सांगायला नको. पण २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाच्या चापाला नियमाने किमान १००० ग्रॅम वजन लागतं आणि रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायला साधारण पाच किलो. दोन्हींचा सराव एक नव्हे. अंगठ्याने घोडा चढवून मग नेम धरायची सवय लागली तर घाईत संधिवाताचा अंगठा निसटतो आणि घोडा अर्ध्यातून पडतो. म्हणून सराव पूर्ण ओढीचाच.

दुकानात एक करून बघायला सांगा. रिकामं हत्यार, दुकानदाराने दाखवलेली सुरक्षित भिंत, दहा वेळा सलग पूर्ण ओढ. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवतात तशा गमती नकोत, नुसती पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा) बघायची. सातव्या-आठव्या ओढीला माशी डावीकडे वाहायला लागली तर मूठ लहान आहे, नाहीतर ओढ जड आहे. मूठ बदलून बघा. स्प्रिंग कापून ओढ हलकी करून देणारे ‘मेस्त्री’ भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार. घोड्याची स्प्रिंग कमी केली की पहिला परिणाम म्हणजे टोचणी उथळ बसते.

पुंगळ्या काढायचाही सराव हवा. मोडणारं असेल तर झटक्यात पूर्ण उघडायचं. हळूच अर्धवट उघडलं की एखादी पुंगळी चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणारी ताऱ्यासारखी चकती) सरकते आणि मग हत्यार उघडतही नाही, मिटतही नाही. बाजूला उघडणारं असेल तर नळीचं तोंड आभाळाकडे आणि दांड्यावर तळहाताचा एकच ठोसा. तोंड खाली ठेवून दांडा दाबला तर न जळलेली दारू चांदणीखाली पडते. चिमूटभर दारूने सिलिंडर मिटायला जड जातो आणि लोक हत्यार बिघडलं समजतात. जुना टूथब्रश पुरतो.

– राजारामपुरीहून

---

काका, ताई, फार उपकार. दोन शंका. झाकून बाळगायला वेगळी परवानगी लागते का? आणि होल्स्टर चप्पल लाईनमध्ये शिवून घेतलं तर चालेल का? अण्णांचे तिथे ओळखीचे कारागीर आहेत.

– न्यू जर्सीहून

---

वेगळी परवानगी नाही, उलट झाकणं हाच नियम. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तसल्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे. कंबरेला दिसेल असं लावून फिरणारे पुढारी बघून फसू नका. हवेत बार तर नकोच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनची पाच वर्षं झाली. नवीन हत्यार घेतलं की त्याचा नंबर परवान्यावर चढवून घेणं विसरू नये, आणि दुकानातच चौकटीवरचा नंबर व पावतीवरचा नंबर अंकन्‌अंक जुळवावा.

चप्पल लाईनचं चामडं उत्तम. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, ओलं करून हत्याराच्या आकारावर दाबलं की आकार धरतं. कारागिराला खरं हत्यार देऊन यायचं नाही, लाकडी साचा द्यायचा. तीन गोष्टी बजावून सांगा: चापाची कमान पूर्ण झाकली गेली पाहिजे, तोंड हत्यार काढल्यावरही उघडं राहिलं पाहिजे, आणि पट्ट्याची फट पट्ट्याच्या रुंदीला घट्ट. चप्पलेसारखी वेणी आणि गोंडे नकोत. पट्टा दीड इंची, दुहेरी चामड्याचा. साध्या पँटच्या पट्ट्यावर ७०० ग्रॅम लोंबकळतं आणि शर्टाखाली लगेच फुगवटा दिसतो.

मोपेडवर खिशात नको. बसल्यावर मूठ मांडीत रुतते आणि किल्ल्या चापाशी येतात. उजव्या कंबरेला, किंचित मागे. वर बाहेर सोडलेला सदरा.

ज्या चामड्यात बाळगायचं त्याच चामड्यात रात्री ठेवायचं नाही. ते ओल धरतं, आणि आपल्या जून-ऑगस्टच्या पावसात आठ दिवसांत निळ्या पोलादावर तांबूस ठिपके येतात. पहिले ठिपके चांदणीखाली आणि मुठीच्या आत येतात, जिथे कुणी बघत नाही. घरी आल्यावर गोळ्या काढा, कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचं बोट फिरवा. कप्प्यांत तेल ठेवू नका, काडतुसाच्या टोपीत मुरलं तर गोळी दगा देते. हत्यार कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. घरात नातवंडं असतील तर किल्ली गळ्यात.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा करायची नोटीस येऊ शकते. त्या वेळी भरपूर तेल लावून, मेणकागदात गुंडाळून द्या, कापडात नको. जमा पावतीवर नंबर, बोअर आणि गोळ्यांची संख्या लिहून घ्या. परत घेताना तिथंच उघडून चांदणीखाली बघा, मग सही.

– उद्यमनगरहून